तांदळाचे तीन दाणे आणि शाळेचा जिना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुठल्याही शाळेत सातवी-आठवीच्या वर्गात जा आणि विचारा, 'ऊर्जा म्हणजे काय?' तीस-चाळीस आवाज एका सुरात सांगतील, 'कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा.' उत्तर बरोबर आहे, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. आता दुसरा प्रश्न विचारा. 'आज सकाळी तुझ्या घरी चहा झाला, त्याला किती ऊर्जा लागली?' इथे वर्ग गप्प होतो. एखादा धीट मुलगा म्हणतो, 'सर, ते पुस्तकात नाही.'

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, कोंढा-कोसऱ्याच्या परिसरात मी अनेक वर्षं विज्ञान शिकवलं. धानाच्या बांध्या, मामा तलाव, राईस मिल आणि जवळून वाहणारी वैनगंगा, असा हा मुलूख. शिकवताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. प्रकाश दिसतो, आवाज ऐकू येतो, लोखंड हाताला लागतं. ऊर्जा मात्र कुणाला दिसत नाही. दिसतात ते तिचे परिणाम. मग जी दिसत नाही, ती मुलांना शिकवायची कशी? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. महाराष्ट्रात आणि आसपास गेली ऐंशी-नव्वद वर्षं अनेकांनी त्याच्याशी झुंज घेतली. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. ऊर्जा ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहजासहजी सापडली नव्हती. १७९८ साली काउंट रमफर्ड या गृहस्थानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा बनवण्याचं काम त्याच्या देखरेखीखाली चालायचं. पितळी तोफेला भोक पाडताना ती भयंकर तापते, हे तिथल्या कारागिरांना रोजचंच होतं. रमफर्डनं तोफेभोवती पाण्याची पेटी बसवली आणि बोथट गिरमिट घोड्यांच्या बळावर फिरवलं. अडीच तासांनी पाण्याला उकळी फुटली. खाली जाळ नाही, कोळसा नाही, आणि पाणी उकळतंय! बघे थक्क झाले. उष्णता हा पदार्थात साठून राहिलेला द्रव आहे, असा तेव्हाचा समज होता. मग घासत राहिलं की हा द्रव न संपता येतच कसा राहतो? उष्णता ही एक प्रकारची हालचाल असली पाहिजे, असं रमफर्ड म्हणाला.

पुढे १८४०च्या दशकात मँचेस्टरचा जेम्स ज्यूल पुढे आला. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्यानं पाण्यात वल्ह्यांचं चक्र बसवलं. वरून वजनं खाली सोडायची, ती खाली येताना चक्र फिरणार, पाणी घुसळलं जाणार आणि किंचित तापणार. किती वजन किती खाली आलं की पाणी किती तापतं, हे त्यानं वर्षानुवर्षं मोजलं. म्हणजे आपल्या आईचं ताक घुसळणं आणि ज्यूलचं पाणी घुसळणं एकाच जातीचं. फरक इतकाच, की ज्यूलनं थर्मामीटर लावला होता. आज ऊर्जेच्या एककाला त्याचंच नाव आहे.

यातून मला एवढंच सांगायचंय, की मोठमोठ्या लोकांनाही ऊर्जा व्याख्येतून कळली नाही. ती तोफ घासून, पाणी घुसळून, वजनं उचलून कळली. व्याख्या सगळ्यात शेवटी आली. शाळेत आपण मात्र शेवटापासून सुरुवात करतो.

हा क्रम उलटवण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न विदर्भातच झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. मुलांनी सूतकताई, सुतारकाम, शेती असा एखादा हस्तोद्योग करावा आणि त्यातूनच गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकावं, असा विचार तिथे मांडला गेला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवालही आला. या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाला स्वतंत्र जागा होती. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघानं, आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं, 'नई तालीम' प्रत्यक्षात आणली.

त्याच वर्ध्यात मगनवाडीला अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाललं होतं. १९३४ साली संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. आज ज्याला आपण 'ऊर्जेचा प्रश्न' म्हणतो, तो हे लोक तेव्हाच हाताळत होते. खेड्यात रॉकेल बाहेरून येतं आणि पैसा बाहेर जातो, म्हणून गावच्या वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील त्यांनी तयार केला. धूर कमी करणारी आणि सरपण वाचवणारी 'मगनचूल'ही त्यांचीच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. म्हणजे एकीकडे हातानं शिकवणारी शाळा आणि दुसरीकडे चूल-दिव्याची प्रयोगशाळा, दोन्ही एकाच गावात!

आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना आणली. शाळेला जमीन जोडायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी ती कल्पना. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय वर्ध्यालाच झाली.

मग हे सगळं गेलं कुठे? याचं उत्तर कुणा एकाच्या माथी मारता येणार नाही. युद्ध आलं, १९४२ आलं, कार्यकर्ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर देशाची नजर पोलाद आणि मोठ्या धरणांकडे वळली. शिवाय पालकांनाही ते रुचलं नाही. 'घरी नांगरच धरायचा, तर शाळेत कशाला पाठवायचं?' हा प्रश्न गरीब बाप विचारत होता, आणि तो चुकीचा नव्हता. शिकणं म्हणजे हातचं काम सुटणं, असंच त्यानं पिढ्यान् पिढ्या पाहिलं होतं. त्यातच अनेक शाळांत चरखा उरला आणि त्यामागचे प्रश्न गळाले. टकळी फिरवणारं मूल सूत काढायचं. पण टकळी हात सोडल्यावरही का फिरत राहते, हे विचारणारा शिक्षक विरळा. विचार हरवून नुसतं काम उरलं की तेही पाठांतरच होतं, फक्त हातांनी केलेलं!

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं, आणि सोबत 'कार्यानुभव'ही असावा, असं आयोगानं सुचवलं. कार्यानुभव हा शब्द आपल्या तोंडी बसला. पण वेळापत्रकात दोन्ही तास वेगवेगळे पडले. विज्ञानाच्या तासाला खडू-फळा, कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं. शाळांना विज्ञानाच्या पेट्याही मिळाल्या. एका शाळेत मी ती पेटी पाहिली, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात, कुलूपबंद. सामान फुटलं तर भरपाई कोण करणार, ही भीती. काचेचं पात्र शाबूत राहिलं आणि विज्ञान राहून गेलं. त्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. वस्तू वापरून झिजली तर जाब विचारायचा आणि न वापरता पडून राहिली तर नाही, अशी जिथे रीत आहे, तिथे कुलूपच लागणार.

हे कुलूप काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न सातपुड्याच्या पलीकडे झाला. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, 'किशोर भारती' आणि रसुलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. 'किशोर भारती'चे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. पुढे १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था उभी राहिली आणि तिनं ही धुरा घेतली.

इथे मुलं चार-चारच्या टोळीनं बसून प्रयोग करत. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकात प्रश्न असत, उत्तरं नसत; ती प्रयोगातून काढायची. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. मनात प्रश्न आला की 'सवालीराम' या नावानं पत्र टाकायचं, त्याला उत्तर यायचं. तीस वर्षं हे चाललं. सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांकडून. २००२ साली मात्र राज्य सरकारनं तो बंद केला. 'एकलव्य'चं काम चालू राहिलं, पण शाळाशाळांतली ती घडी मोडली.

महाराष्ट्रातही त्याच सुमारास हालचाल होती. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली होती. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्या केंद्राच्या मंडळींनी सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात जाऊन खेड्यातल्या प्राथमिक शाळांत काम केलं. खेड्यातल्या मुलाला विज्ञान जड जातं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर भाषा आणि उदाहरणं परकी म्हणून, हे अशा कामातून पुढे आलं.

पण ऊर्जेपुरतं बोलायचं, तर मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा प्रयोग. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकलेले अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली ते पाबळला आले. शिरूर तालुक्यातलं कमी पावसाचं हे गाव. तिथे त्यांनी 'विज्ञान आश्रम' काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. खेड्यातलं मूल घरी, शेतात काम करता करता सगळं शिकतं. मग शाळेत तोच मार्ग का बंद करायचा? आठवड्यातला एक दिवस खऱ्या कामाला द्यायचा. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयाचे चार भाग पाडले: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती-पशुपालन. १९८०च्या दशकातच राज्यातल्या शाळांना आठवी ते दहावीसाठी हा पूर्वव्यावसायिक विषय घेण्याची वाट मोकळी झाली.

नई तालीम आणि पाबळ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वर्ध्याला मूल मुख्यतः चरख्याजवळ बसायचं. पाबळला ते वायरिंग करतं, वेल्डिंग करतं, बायोगॅसचं संयंत्र बघतं, आणि गावात कुणाला बोअर मारायची असेल तर जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज घेतं. काम गावाच्या गरजेचं आणि तंत्र आजचं. 'घरी नांगरच धरायचा तर शाळा कशाला' या बापाच्या प्रश्नाला कलबागांनी दिलेलं हे उत्तर होतं. २००३ साली डॉ. कलबाग गेले. विज्ञान आश्रमाचं काम मात्र चालू आहे.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही: अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरीला. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते होशंगाबादला गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवू लागले. पुढे २००३पासून दहाएक वर्षं पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त, ते आणि त्यांचे सहकारी कचऱ्यातून खेळणी करत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांनी घरोघरी पोचवलेली साधी विजेची मोटर मी मुलांकडून कितीदा करून घेतली असेल! एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना, एक रबर आणि थोडी तांब्याची तार. आता ही तार आणायची कुठून? आमच्याकडे धानाच्या हंगामात कमी दाबानं पंप जळतात. त्यामुळे मोटर रिवाइंडिंगचं दुकान लांब नसतं, आणि तिथे टाकाऊ तार हवी तेवढी मिळते. तारेचं वेटोळं करायचं. एका टोकावरचं वार्निश पुरतं खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं अर्ध्याच बाजूनं. वेटोळं पिनांच्या भोकांत बसवून हलकी टिचकी मारली की ते भिरभिरायला लागतं. दुसऱ्या टोकाचं वार्निश पुरतं का खरवडायचं नाही, हे ज्याला करून पाहिल्यावर कळलं, त्याला मोटर कळली. ज्याच्या घरचा पंप जळून त्याच दुकानात पडलाय, त्या पोराच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

आणि सायकलचा डायनॅमो! सायकल उलटी करून हातानं पेडल फिरवायचं. आधी दिवा न जोडता, मग दिवा जोडून. दिवा जोडला की पेडल जड लागतं. उजेड फुकट मिळत नाही, हे हाताला कळतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मला यापेक्षा सोप्या रीतीनं शिकवता आलेला नाही.

आता गंमत पाहा. तांदूळ आमचा, म्हणून हिशेबही तांदळाचाच. ३० किलो वजनाचं मूल शाळेचा ३ मीटर उंचीचा जिना चढून स्लॅबवर गेलं. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार: तीस गुणिले ९.८ गुणिले तीन, म्हणजे ८८२ ज्यूल. दुसरीकडे, एक ग्रॅम तांदळातून साधारण साडेतीन किलोकॅलरी मिळतात. तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमच्या आसपास धरला, तर दाण्यामागे जवळपास २९० ज्यूल. म्हणजे एक जिना बरोबर तीन दाणे! आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच कामाला लावतं, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून तीनाचे बारा करू. बारा दाणे तळहातावर ठेवायचे आणि जिना चढायचा. मुलं हे विसरत नाहीत.

याच्यापुढची पायरी विजेच्या बिलाची. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ८८२ नं भागा. उत्तर येतं चार हजारांवर. एका युनिटाएवढं काम करायला त्या मुलाला चार हजार वेळा जिना चढावा लागेल! आणि ते युनिट आपल्याला काही रुपयांत मिळतं. जुना साठ वॅटचा बल्ब ते पावणेसतरा तासांत संपवायचा, नऊ वॅटचा एलईडी एकशे अकरा तास पुरवतो. रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा मग मुलं आपणहून बंद करतात. फळ्यावर सुविचार लिहावा लागत नाही.

तिसरा हिशेब चुलीचा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. किलोभर वाळक्या लाकडात सुमारे चार हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे खरं तर वीस ग्रॅमच्या आत काम व्हायला हवं. मुलांना घरी लाकूड मोजायला सांगा. दोनशे ग्रॅम, पाव किलो असे आकडे येतात. कारण साध्या चुलीत दहातले नऊ हिस्से उष्णता भिंतीला, हवेला आणि आईच्या चेहऱ्याला जाते. गॅसवर तेवढंच पाणी दहा-बारा ग्रॅममध्ये उकळतं. मग मुलं स्वतःच शोधतात: झाकण ठेवलं तर किती वाचलं? ओलं लाकूड असलं तर? चुलीचं तोंड लहान केलं तर? २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर आले. तरी आंघोळीचं पाणी अजून कितीतरी घरी चुलीवरच तापतं. आणि सरपणाची मोळी बहुतेक घरी बाईच्याच डोक्यावर असते, हे आकड्यांसोबत आपोआप वर्गात येतं. त्याचा वेगळा धडा लागत नाही.

मिलवरचं तूस घ्या. शंभर किलो धानातून साधारण वीस किलो तूस निघतं. किलोभर तुसात तीन हजार किलोकॅलरींच्या आसपास उष्णता असते. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलरखाली हेच जळतं. आमचे तलाव घ्या. या भागात कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. पाणी उंचावर अडवायचं आणि उतारानं बांधीत सोडायचं. हजार लिटर पाणी पंपानं पाच मीटर उचलायचं तर निदान ४९ हजार ज्यूल लागतात, आपल्या जिन्याच्या पंचावन्न फेऱ्या. तलाव ते काम न मागता करतो. पाणी वर नेलं सूर्यानं, धरून ठेवलं पाळीनं. 'स्थितिज ऊर्जा' हा शब्द ज्या मुलाला जड जातो, त्याला तलावाच्या पाळीवर उभं करावं.

१९९३ साली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या गावातला प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजमाप करायचं आणि मांडायचं. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांचा तिचा मुख्य विषयच ऊर्जा होता. तेव्हा देशभर मुलांनी चुली मोजल्या, दिवे मोजले, शेण मोजलं. माझ्या मते त्या परिषदेची खरी कमाई म्हणजे, आपल्या घरची गोष्ट विज्ञानात मोजण्याजोगी आहे, हे खेड्यातल्या मुलाला कळलं.

आता कुणी म्हणेल, या साऱ्यानं होतं काय? मार्क वाढतात का? कधी वाढतात, कधी नाही. वेळ जास्त जातो, पोर्शन मागे पडतो, हेही खरं आहे. पण आमच्या पवनी तालुक्याचंच उदाहरण बघा. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पाणी कुणाला, वीज कुणाला, जमीन कुणाची गेली, मोबदला किती, हे प्रश्न पुढे दशकानुदशकं चालले. आज कुणी बांधीच्या बाजूला सौर पॅनेल लावायला येतो, कुणी तुसावर वीज काढतो म्हणतो, कुणी बिलात दुप्पट आकडा लावून जातो. यापुढे खेड्याशी जे जे बोलणं होईल, ते युनिट, किलोवॅट, लिटर आणि मीटर यांच्या भाषेत होईल. ज्याला स्वतः मोजता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या मापावर सही करायची. ज्याला येतं, तो निदान विचारू तरी शकतो, 'हे कुठून आलं, दाखवा.' मुलांनी चूल आणि जिना मोजायचा तो एवढ्यासाठी.

वर्धा, होशंगाबाद, पाबळ यांची गोष्ट सांगताना कुणी हळहळतात, की चांगले प्रयोग टिकत नाहीत. मला तसं पूर्ण पटत नाही. नई तालीम मागे पडली, पण २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या हाताखाली शिकण्याची सोय सुचवली आहे. हे वर्ध्याचंच बीज नाही का? होशंगाबादचा कार्यक्रम बंद झाला, पण तिथून निघालेली खेळणी आमच्या मुलांच्या हातात आली. बंद पडले ते आदेशावर चालणारे भाग. शिक्षकाच्या हाताला एकदा लागलेली सवय कुठल्याही परिपत्रकानं बंद होत नाही.

फक्त त्या दहा दिवसांची पुन्हा कागदी फुलं होऊ द्यायची नसतील, तर ते दिवस गावात घालवायला हवेत. रिवाइंडिंगच्या दुकानात, मिलच्या बॉयलरपाशी, तलावाच्या पाळीवर आणि स्वयंपाकघरात. सामान फार लागत नाही. एक काटा, एक थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि एक घड्याळ. या चार वस्तू शाळेला ग्रामपंचायत देऊ शकते, माजी विद्यार्थी देऊ शकतात, एखादं गणेश मंडळही देऊ शकतं. आणि देताना एवढंच सांगायचं, की गुरुजी, या कपाटात ठेवू नका. मुलांच्या हातात राहू द्या. मोडल्या तर आम्ही दुसऱ्या आणून देऊ.